कृत्रिम खुबा नेमका कुठे बिघडला, हे कसं शोधायचं

बदललेला खुबा दुखायला लागला की "सांधा खराब झाला का?" असा प्रश्न येतो. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण 'सांधा' नावाची एकच वस्तू तिथे नसते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेला स्टेम, त्याच्या मानेवर ठोकून बसवलेला गोळा म्हणजे हेड, ओटीपोटाच्या हाडात बसवलेली धातूची वाटी म्हणजे कप आणि त्या वाटीतलं अस्तर म्हणजे लायनर, असे हे चार भाग. त्यांच्यात पाच जोड तयार होतात: हाड आणि कप, कप आणि लायनर, लायनर आणि हेड, हेड आणि मान, स्टेम आणि हाड. सिमेंट (इम्प्लांट हाडात पक्कं बसवण्यासाठी भरलेला, घट्ट होणारा लगदा) वापरलं असेल तर स्टेम आणि सिमेंट, सिमेंट आणि हाड असे दोन वेगळे जोड धरायचे. बिघाड बहुधा यांपैकी एका जोडावर सुरू होतो आणि मग शेजारच्या जोडाला बिघडवतो. म्हणून तपासणी जोडागणिक करायची.

या जोडांवरचा भारही लक्षात असू द्या. सपाट जमिनीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. ठेच लागून तोल सावरताना तो सात-आठ पटींपर्यंत जातो. चालता-फिरता माणूस वर्षाकाठी एका पायावर दहा लाखांच्या आसपास पावलं टाकतो. एखाद्या मोठ्या आघातापेक्षा ही पावलंच इम्प्लांट जास्त वेळा निकामी करतात.

आधी फाइल जमवा

तपासणीला जाण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली, शस्त्रक्रियेची नोंद आणि त्यावर चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर. त्यांवर प्रत्येक भागाचं मॉडेल, माप, साहित्य आणि लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातल्या तुकडीचा क्रमांक असतो. दुसरी, शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला पहिला एक्स-रे. तिसरी, त्यानंतरचे सगळे एक्स-रे, तारखांसकट. अहवाल पुरत नाहीत, मूळ चित्रं हवीत.

स्टिकरवरून काय काढायचं? हेडचा व्यास (२८, ३२, ३६ मिमी), हेड धातूचं की सिरॅमिकचं, लायनर साध्या पॉलिथिलीनचा (एक प्लास्टिक), क्रॉसलिंक्ड, म्हणजे रेणू एकमेकांना जोडलेल्या पॉलिथिलीनचा, सिरॅमिकचा की धातूचा, स्टेमला सिमेंट आहे का, आणि मान स्टेमपासून सुटी आहे का. एवढं कळलं की संशयाची यादी निम्म्याने कमी होते. धातूवर धातू घासणारा सांधा असेल तर रक्तातला कोबाल्ट मोजावाच लागतो. सिरॅमिक असेल तर तडा डोक्यात ठेवावा लागतो.

लॉट क्रमांकाचं महत्त्व परत मागवलेल्या इम्प्लांटमुळे आहे. डिसेंबर २००० मध्ये सल्झर कंपनीचे इंटर-ऑप कप परत मागवले गेले, कारण कारखान्यातल्या तेलाचा अंश पृष्ठभागावर राहिला होता आणि हाड कपला धरतच नव्हतं. २००१ मध्ये झिर्कोनिया या सिरॅमिकची काही हेड भट्टीची पद्धत बदलल्यानंतर फुटू लागली म्हणून मागे घेतली गेली. ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीचा धातूवर धातूचा एएसआर सांधा आणि जुलै २०१२ मध्ये स्ट्रायकर कंपनीचे सुट्या मानेचे रिजुव्हनेट व एबीजी-२ स्टेम परत मागवले गेले. फाइल हरवली असेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून प्रत मागवा. तीही मिळाली नाही, तर अनुभवी सर्जन स्टेमच्या आकारावरून मॉडेल ओळखू शकतो, पण लायनरचं साहित्य एक्स-रेवरून खात्रीने कळत नाही.

दुखणं कुठे आणि कधी

जांघेत दुखत असेल तर आधी कपकडे बघायचं. मांडीच्या पुढच्या बाजूला, स्टेमचं टोक येतं तिथे दुखत असेल तर स्टेमकडे. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं कळ येते, मग कमी होते आणि जास्त चाललं की परत वाढते, ही सैल झालेल्या भागाची खूण आहे. भार पडला की सैल भाग जरासा खाली बसतो आणि तेवढ्यापुरता स्थिर होतो, म्हणून पुढची पावलं सुसह्य वाटतात.

आठ-दहा वर्षं सुखाची गेली आणि मग हळूहळू दुखू लागलं, तर झीज किंवा सैलपणा. शस्त्रक्रियेनंतर दुखणं एक दिवसही थांबलं नाही, तर दोनच मोठे संशयित: जंतुसंसर्ग, किंवा हाडाने इम्प्लांटला धरलंच नाही. झोपेतही ठणका लागत असेल तर यांत्रिक बिघाडाच्या आधी संसर्ग तपासा. सिमेंटविना बसवलेल्या स्टेममुळे पहिल्या वर्षात मांडी थोडी दुखू शकते. धातू हाडापेक्षा फार ताठ असतो, त्यामुळे टोकाशी ताण साचतो. हे बऱ्याचदा आपोआप कमी होतं.

दोन नकली दुखणी नेहमी फसवतात. गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत कळ जात असेल तर ती बहुधा कमरेतून येते. आणि गाडीत चढताना पाय उचलला की जांघेत कळ येते, पण चालताना फारसा त्रास नाही, असं असेल तर कपची पुढची कड स्नायूच्या दोरीवर घासत असण्याची शक्यता जास्त. खात्री हवी असेल तर एक्स-रेखाली सांध्यात भूल देणारं औषध टोचतात. दुखणं तासाभरात गेलं तर मूळ सांध्यातच आहे.

आवाजही सांगतो. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर दाराच्या बिजागरीसारखी करकर येऊ शकते आणि तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मात्र करकर अचानक सुरू झाली आणि सोबत दुखू लागलं, तर तडा शोधायला हवा. वाकताना 'कट्' वाजणं म्हणजे बहुधा स्टेमची मान कपच्या कडेवर आपटते आहे. खरखर, जणू वाळू भरली आहे असा आवाज सर्वांत वाईट: लायनर आरपार झिजला किंवा जागेवरून निसटला आणि हेड थेट धातूच्या कपवर घासतं आहे.

संसर्ग आधी बाद करा

ही पायरी कंटाळवाणी असली तरी वगळू नका. जंतूंमुळे सैल झालेला कप आणि झिजेमुळे सैल झालेला कप एक्स-रेत अगदी सारखे दिसतात. संसर्ग असताना नुसता भाग बदलला तर नवा भागही सैल होतो. रक्तात ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे दोन निर्देशक तपासतात. वाढलेले असतील, किंवा संशय दाट असेल, तर सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजतात आणि कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला लावतात. जुन्या सांध्यात प्रति मायक्रोलिटर ३,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आढळल्या तर संसर्गाचा संशय पक्का धरतात.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पाणी काढण्याआधीच प्रतिजैविक सुरू करणं. त्याने कल्चर खोटं कोरं येतं. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर किमान दोन आठवडे प्रतिजैविक बंद असावं. दुसरी चूक धातूवर धातूच्या सांध्यात होते: पाण्यातला धातूचा गाळ यंत्र पेशी म्हणून मोजतं आणि आकडा फुगतो. अशा वेळी प्रयोगशाळेला पेशी हाताने मोजायला सांगावं.

बोन स्कॅनवर (किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या हाडांच्या चित्रावर) फार भिस्त ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षं तो तसाही उजळलेला दिसू शकतो.

एक्स-रे शेजारी शेजारी ठेवा

या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती स्वस्त आणि जुनी आहे: पहिला एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून मोजणं. एकट्या चित्रातली रेघ कधीची आहे ते कळत नाही. दोन चित्रांत ती वाढलेली दिसली की कळतं.

समोरून काढलेलं दोन्ही खुब्यांचं चित्र आणि बाजूचं चित्र, अशी दोन लागतात. स्टेमचं टोक आणि त्याखालचं सिमेंट चौकटीत आलंच पाहिजे. ते कापलं गेलं असेल तर परत काढायला सांगा. एक्स-रेत प्रतिमा साधारण १५ ते २० टक्के मोठी येते आणि दर वेळी सारखी मोठी येत नाही. म्हणून हेडला मोजपट्टी बनवा. समजा हेड ३२ मिमीचं आहे आणि चित्रात ३८ मिमी भरलं, तर वाढ १.१९ पट झाली. चित्रात स्टेम ६ मिमी खाली सरकलेला दिसला, तर खरी सरक सुमारे ५ मिमी. हा भागाकार न केल्यामुळे न सरकलेला स्टेम सरकला असं ठरवलं जातं, आणि उलटही होतं.

मग ठरलेल्या क्रमाने फिरा. कपभोवती तीन विभाग: वरचा-बाहेरचा, मधला, खालचा-आतला. स्टेमभोवती सात: बाहेरच्या बाजूने वरून खाली १, २, ३, टोकाशी ४, मग आतल्या बाजूने वर ५, ६, ७. प्रत्येक विभागात हाड आणि इम्प्लांट (किंवा सिमेंट) यांच्यामध्ये काळी रेघ आहे का ते लिहा आणि तिची जाडी लिहा. न वाढणारी बारीक रेघ चालते. २ मिमीपेक्षा रुंद, दर चित्रात रुंदावणारी किंवा सगळ्या विभागांतून सलग फिरलेली रेघ म्हणजे सैलपणा. सिमेंटला तडा गेला, स्टेमचं टोक बाजूला कलंडलं, कपचा कोन बदलला किंवा त्याचा स्क्रू मोडला, तर रेघेची वाट पाहायची गरज नाही.

सिमेंटविना स्टेमच्या टोकाखाली हाडाचा पाट तयार झाला आणि भोवती रेघही असेल, तर स्टेम हलतो आहे. उलट, स्टेमच्या खडबडीत पृष्ठभागापाशी हाडाचे पूल धरलेले दिसले तर तो पक्का आहे. हाड धातूत शिरायला सूक्ष्म हालचाल ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा कमी लागते. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय पडदा धरतो, आणि तो पडदा कधीच भार पेलत नाही.

एक अपवाद ठाऊक असू द्या. गुळगुळीत, निमुळता, सिमेंटमध्ये बसवलेला स्टेम पहिल्या एक-दोन वर्षांत १ ते २ मिमी खाली बसतो, आणि तसाच बसावा अशी त्याची रचना असते. तो सैल झाला म्हणून काढणं ही घोडचूक ठरेल.

झीज: दुखत नाही म्हणून धोक्याची

ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी सुरुवातीला टेफ्लॉनचे कप वापरले आणि ते काही वर्षांतच झिजून गेले. १९६२ मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन वापरलं आणि आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला गेला. ते पॉलिथिलीनही झिजतं, फक्त सावकाश. जुन्या साध्या पॉलिथिलीनची झीज साधारण वर्षाला ०.१ मिमी. खोली नगण्य वाटते, पण भुकटीचं आकारमान बघा: २८ मिमीच्या हेडखाली ०.१ मिमी म्हणजे सुमारे ६२ घन मिमी, तर ३६ मिमीच्या हेडखाली तेवढ्याच खोलीला १०२ घन मिमी. हेड मोठं केलं की निखळण्याचा धोका घटतो आणि भुकटी वाढते.

खरा त्रास भुकटीच्या कणांचा. त्यांतले बरेचसे १ मायक्रॉनहून लहान असतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि रासायनिक संदेश सोडत राहतात. त्या संदेशांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि इम्प्लांटभोवती पोकळ्या पडतात. पोकळी दुखत नाही. माणूस आरामात हिंडत असतो आणि कपमागचं हाड पोखरलं जात असतं. दुखायला लागतं तेव्हा कप सुटलेला असतो किंवा हाड मोडलेलं असतं. म्हणून तक्रार नसली तरी एक्स-रे काढायचे. एक प्रचलित वेळापत्रक असं: पहिल्या वर्षी, सातव्या वर्षी आणि मग दर तीन वर्षांनी.

झीज मोजायची ती हेडचा मध्य आणि कपचा मध्य यांतल्या अंतरावरून. नवीन सांध्यात दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी असतात, झिजल्यावर हेड वरच्या-बाहेरच्या बाजूला चढतं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतली सरक लायनर दबून बसल्याची असते, ती झिजेत धरू नका. वर्षाला ०.१ मिमीच्या वर गती असेल तर पोकळ्यांची शक्यता बरीच, ०.०५ च्या खाली फार कमी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन बहुतेक रुग्णांत या खालच्या मर्यादेतच राहतं. त्याची दुखरी बाजू वेगळी आहे: ते काहीसं ठिसूळ असतं, त्यामुळे कप फार उभा बसला आणि लायनरची कड पातळ असली की कडेला चीर जाते. त्याआधीचे, हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले लायनर खोक्यातच ऑक्सिडाइझ व्हायचे आणि पापुद्रे सुटायचे.

एक्स-रेत पोकळी खरीपेक्षा लहान दिसते, कारण धातूचा कप मागचं झाकतो. एक्स-रेत पोकळी आहे असं वाटलं तर सीटी स्कॅन करून आकार काढावा. कप पक्का आणि योग्य कोनात असेल, तर फक्त लायनर आणि हेड बदलून पोकळीत हाडाचा चुरा भरता येतो. त्यानंतर सांधा निखळण्याचा धोका वाढतो, हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

मानेवरचा गंज

हा बिघाड सर्वांत उशिरा लक्षात येतो, कारण एक्स-रे कोरा असतो. हेड मानेवर नुसत्या निमुळत्या पकडीने बसलेलं असतं. १२/१४ ही नेहमीची पकड, म्हणजे वर सुमारे १२ आणि खाली १४ मिमी. प्रत्येक पावलाला तिथे मायक्रॉनभर हालचाल होते, धातूवरचा संरक्षक थर खरवडला जातो, फटीत अडकलेल्या द्रवात आम्ल तयार होतं आणि गंज पुढे सरकतो. कोबाल्ट-क्रोमचं हेड, ३६ मिमी किंवा त्याहून मोठा व्यास, लांब मान आणि जड शरीर यांनी धोका वाढतो. बसवताना मानेवर रक्त, चरबी किंवा हाडाचा कण राहिला तरीही. पृष्ठभाग धुऊन कोरडा करायचा आणि हेड सरळ रेषेत जोराने ठोकायचं. हाताने दाबून बसवलेलं हेड पकड घेत नाही.

लक्षणं: जांघेत बोथट दुखणं, सूज, दुबळा पाय, कधी पुन्हा पुन्हा निखळणं. रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम मोजा. पॉलिथिलीनवर धातूचं हेड असताना कोबाल्ट लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर आणि क्रोमियमपेक्षा जास्त असेल, तर संशय मानेवर. धातूवर धातूच्या सांध्यांसाठी ब्रिटनच्या नियामक संस्थेने ७ मायक्रोग्रॅमची पातळी सूचनेसाठी ठरवली. रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत घ्यावं, नाहीतर नळीतला आणि सुईतला धातूच मोजला जातो. पुढची पायरी म्हणजे धातूमुळे चित्रात येणारी विकृती कमी करणाऱ्या पद्धतीचा एमआरआय. त्यात मांसातली गाठ किंवा स्नायू कुजलेला दिसतो. कोबाल्ट फार वाढला तर ऐकू कमी येणं, दृष्टी मंदावणं, हृदयाचा स्नायू थकणं असेही परिणाम होतात, आणि तेव्हा कुणाचं लक्ष खुब्याकडे जात नाही.

गंज खूप खोलवर गेला तर मान पेन्सिलीसारखी झिजते आणि हेड तिच्यावरून निसटतं. पाय अचानक आखूड होतो आणि ते निखळल्यासारखं दिसतं. फरक एक्स-रेतच कळतो: गोळा कपमध्ये आहे, मान मात्र बाहेर.

फुटणं आणि मोडणं

सिरॅमिकचं हेड फुटणं आता दुर्मिळ झालं आहे, पण झालं तर पुढची निवड चुकवायची नाही. फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी धातूचं हेड बसवू नये. कितीही धुतलं तरी काचेसारखे बारीक कण मांसात राहतात आणि धातूला किसणीसारखे खरवडतात. कोबाल्टची भयंकर विषबाधा अशाच सांध्यांमध्ये पाहिली गेली आहे. सांध्याचा आतला पडदा पूर्ण काढून, भरपूर धुऊन, पुन्हा सिरॅमिकच बसवायचं. जुन्या मानेवर ओरखडे असतील तर टायटेनियमची बाही, म्हणजे मानेवर चढणारं आवरण असलेलं.

स्टेम मोडतो तो तार वाकवून वाकवून तुटावी तसा. खालचा भाग पक्का धरलेला आणि वरचा सैल, म्हणजे प्रत्येक पावलाला वरचा भाग वाकणार. चीर बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूला सुरू होते. म्हणून वरच्या विभागांत रेघ आणि खालच्यांत घट्ट पकड असं चित्र दिसलं, की ते मोडण्याच्या आधीचं चित्र समजावं. मानेला शस्त्रक्रियेत कॉटरीचा (रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाचा) चटका बसला तरी तिथून चीर निघू शकते. मोडून आत राहिलेला तुकडा काढायला बहुधा मांडीच्या हाडाची बाहेरची फळी उघडावी लागते.

निखळला तर

पाय आखूड झाला आणि आत वळला तर गोळा मागे गेला, बाहेर वळला तर पुढे. घरी ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. पाय आहे तसा उशांनी आधार देऊन ठेवा, खायला-प्यायला देऊ नका कारण भूल द्यावी लागेल, आणि लगेच न्या. बसवण्याआधी एक्स-रे हवाच, हाड मोडलं असेल तर ओढल्याने आणखी सरकतं. बसवल्यानंतरचा एक्स-रेही हवा. हेड कपच्या मधोमध दिसलं नाही तर लायनर निसटला आहे किंवा मध्ये काही अडकलं आहे.

पहिल्या तीन महिन्यांतलं एकदाचं निखळणं बहुतेकदा काळजीपूर्वक हालचालींनी निभावतं. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर सीटीवर कपचे कोन मोजा. कप किती उभा आहे त्यासाठी ४०±१० अंश आणि पुढच्या झुकावासाठी १५±१० अंश ही १९७८ पासूनची मर्यादा आहे. मात्र तिच्या आत बसलेले कपही निखळतात, विशेषतः कमरेचा कणा ताठ झालेल्यांमध्ये.

काढलेला भाग फेकू नका

शस्त्रक्रियेत बाहेर काढलेला इम्प्लांट हाच बिघाडाचा पक्का पुरावा. काढण्याआधी आणि काढल्यावर छायाचित्रं घ्यावीत, प्रत्येक भागावर वरची बाजू खूण करून ठेवावी, हलक्या हाताने धुऊन निर्जंतुक करावा आणि वेगळ्या पिशवीत ठेवावा. दोन भाग एकाच डब्यात टाकले की ते एकमेकांवर घासतात आणि नवे ओरखडे जुन्यांत मिसळतात. हेड मानेवरून काढताना कोणत्या बाजूला ठोकलं, तेही लिहून ठेवावं. पॉलिथिलीन वाफेच्या भांड्यात घालू नये, उष्णतेने आकार बदलतो आणि झीज मोजता येत नाही. काढलेल्या भागांच्या हाताळणीसाठी आयएसओ १२८९१ हे मानक आहे, आणि भाग तपासणीला पाठवायचा आहे हे सर्जनला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी कळवलेलं बरं, कारण टेबलावर त्या घाईत तो सहसा कचऱ्यात जातो.